नाडीवर चाललेली मोटर

बायकोचं खोबरेल तेल मी होडीच्या मोटरच्या दोरीला चोपडलं, तिथून हे सगळं सुरू झालं. तेल साधंसुधं नव्हतं. मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकाने बॅगेत साड्यांच्या मधोमध गुंडाळून आणलेली बाटली होती, आणि बायको ते केसांना असं लावायची, जणू औषधच आहे. पण मोटरची दोरी खाऱ्या पाण्याने कडक झाली होती, ओढताना हात सोलून निघायचे. माझी उमेदीची वर्षं मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात, ड्रॉइंगच्या टेबलापाशी गेलेली. यंत्रातलं काहीही कुरकुरलं की त्याला तेल द्यावं, एवढं ज्ञान मी तिथून इस्राएलला घेऊन आलो होतो. कुठलं तेल आणि कशाला, हे ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक रजेवर असणार. शिवाय आम्ही पडलो कोकणातल्या तेल्यांचे वंशज. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावोगावचे लोक आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे. तेलातलं आपल्याला कोण शिकवणार, अशा तोऱ्यात मी दोरी बोटांनी चोळचोळून माखली. तिला खोबऱ्याचा काय सुंदर वास सुटला!

तो वास मला आवडला. आमच्या जिन्याखालच्या खोलीतल्या उंदरांनाही आवडला. पण हे कळायला मला समुद्रात जावं लागलं.

होडी माझी नव्हती. ती माझ्या मेव्हण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. हा गृहस्थ अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवायचा, आणि उंचावरून रोज समुद्र दिसतो म्हणून समुद्र आपल्याला ओळखतो असा त्याचा पक्का समज होता. बाजारात अजून लिरा चालत होता तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या घरात तेव्हा धड सोफा नव्हता, पाहुणा आला की पलंगावर बसायचा. पण होडी होती. कधीकाळी निळी असावी. मागे लावायची मोटर त्याने अशा माणसाकडून घेतली, ज्याने ती विकताना त्याला मिठी मारली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मोटर विकून कोणी एवढा आनंदी होतो का?

मोटर घरात घ्यायला त्याच्या बायकोने साफ नकार दिला. माझ्या बायकोनेही दिला, पण माझ्या घरात माझंही काही चालतं हे दाखवायची मला तेव्हा हौस होती, म्हणून ती आमच्या जिन्याखाली आली.

आता खरी गोष्ट. आमच्या थोरल्या मुलीचं लग्न जमत होतं. जमत होतं म्हणजे तिने ते सैन्यात असतानाच जमवलं होतं. मुलगा रामल्याचा, आपल्यातलाच, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेला मराठी ज्यू. आता त्याचे आईवडील शुक्रवारी आमच्याकडे शब्बाथला, म्हणजे शनिवारचा विसावा पाळायला, यायचे होते. शुक्रवारी सूर्य मावळला की बस बंद, त्या थेट शनिवारी रात्री सुरू होतात. म्हणजे पाहुणे एकदा आले की पूर्ण शब्बाथभर घरात. आवडलो तरी तेवढा वेळ, नाही आवडलो तरी तेवढाच. मुलाची आई मवाळ होती म्हणे, पण वडील रामल्याच्या सिनेगॉगमध्ये पुढच्या बाकावर बसणारे आणि शब्बाथच्या बाबतीत कडक. एका नात्यातल्या घरी शुक्रवारी दिवे लावायला उशीर झाला म्हणून हे गृहस्थ पाणी न पिता उठून गेले होते, अशी त्यांची कीर्ती आमच्यापर्यंत पोचली होती.

मुलीने मला एकट्याला गाठून सांगितलं. ती हिब्रूत बोलते, मी मराठीत उत्तर देतो, आमच्या घरात असंच चालतं.

"अब्बा, मी फक्त एक मागते," ती म्हणाली. "त्या दिवशी तू नॉर्मल राहा. वेळेवर घरी ये, आंघोळ कर, पँट घाल, जेवणाआधी किद्दुशची प्रार्थना म्हण, आणि जास्त बोलू नको."

"हे पाच झाले," मी म्हणालो.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बरं बाई, पाचही करतो.

आणि मग मी काय केलं? त्याच आठवड्यात मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा बोलता बोलता म्हणून बसलो, "या शुक्रवारी तुम्हाला अस्सल समुद्रातला मासा खिलवतो. मी स्वतः आणतो." इथे शुक्रवारी घरोघरी कार्प शिजतो, तळ्यातला, चिखलाच्या वासाचा. आमच्यासारख्या कोकणातल्या जिभेला तो शिक्षेसारखा वाटतो. पलीकडून ते म्हणाले, "वा! बघू." त्या "बघू"मुळे मला मासेमारी करणं भाग पडलं.

बायको म्हणाली, "अहो, बाजारात मासे मिळतात."

"बाजारातला मासा आणि समुद्रातला मासा यात फरक असतो."

"बाजारातला घरी येतो," ती म्हणाली, आणि गुरुवारीच जाऊन कार्प घेऊन आली. तिने तो फ्रीजमध्ये मागे दडवला. माझ्यावरच्या विश्वासाची तिची मोजपट्टी अशी होती.

शुक्रवारी पहाटे मी आणि मेव्हणा जिन्याखालची मोटर उचलून निघालो. बंदराच्या दक्षिणेला एक ओढा समुद्राला मिळतो, तिथे त्याची होडी वाळूवर असायची. मी लेंगा घातला होता. पँट घालायची होती ती पाहुण्यांसमोर. माशांसमोर लेंगा चालतो असा माझा हिशोब. शिवाय उघड्या पायांना ऊन भाजतं. वाळूवर पोचल्यावर पाहिलं तर होडीत एकच वल्हं.

"दुसरं कुठाय?"

"अंगणात टेकू लावलाय, कपडे वाळत घालायच्या तारेला. भावोजी, मोटर असताना वल्हं कशाला?"

हा प्रश्न मी आयुष्यात पुन्हा कधी ऐकला नाही, कारण नंतर मी त्याला तो विचारूच दिला नाही.

सकाळ बरी गेली. अगदी खोटं का बोला, छानच गेली. चार-पाच बोय मिळाले, आमच्या कोकणातल्या खाडीत असतात तसेच, अंगभर खवले असलेले, म्हणजे आमच्या धर्मात चालणारे. मेव्हण्याने एक खवले नसलेला लांबुडका प्रकार ओढला, तो आम्ही धर्माच्या नावाखाली आणि भीतीच्या मारे परत सोडला. दुपारच्या आधीच घरी पोचू या बेताने मी मोटरची मूठ धरली, पाय रोवला आणि ऐटीत दोरी ओढली.

मूठ माझ्या हातात आली. मागोमाग दोरीचा वीतभर तुकडा आला. मी मागच्या मागे माशांच्या टोपलीत बसलो. उरलेली दोरी सुर्र करून मोटरच्या पोटात गुंडाळली गेली.

तुकड्याचं टोक पाहिलं. तुटलेलं नव्हतं, कुरतडलेलं होतं. बारीक बारीक दातांनी, चवीने; सकाळी निघताना ती उरल्यासुरल्या धाग्यांवर तगली असणार. आणि मंद खोबऱ्याचा वास येत होता.

मेव्हण्याने तुकडा घेऊन हुंगला. "भावोजी, ह्याला ताईच्या डोक्याचा वास कसा काय?"

मी म्हटलं, "वारा कुठून येतोय बघ."

वारा पश्चिमेकडून येत होता, आणि आम्हाला हळूहळू बंदराच्या दगडी बांधाकडे ढकलत होता. तिथले दगड घराएवढे. आम्ही नांगर टाकला. एका वल्ह्याने होडी वल्हवता येते का हे मेव्हण्याने करून पाहिलं. होडी जागच्या जागी गिरक्या घेते एवढं सिद्ध झालं. मग तो म्हणाला, "मोटर गरम झाली असेल. थंड होऊ दे." आणि टोपी तोंडावर घेऊन झोपला. मोटर सकाळपासून बंद होती. ती थंडच होती. तापलो होतो तो मी.

दुपारी एक मोठी होडी जवळून गेली. त्यात दोघे जण, गळ्यात टॉवेल, हातात कलिंगडाच्या फोडी. त्यांनी वेग कमी केला. एकाने ओरडून विचारलं, काही मदत? मी तोंड उघडलं. पण तोवर मेव्हणा उठून उभा राहिला आणि छाती काढून ओरडला, "बेसेदर! हाकोल बेसेदर!" म्हणजे सगळं ठीक आहे.

या देशात माणसाला "ठीक आहे" म्हटलं की तो जातो असं नाही. तो मग सल्ला देतो. पहिला म्हणाला प्लग काढून पुसा. दुसरा म्हणाला प्लगचा काय संबंध, पेट्रोलमध्ये तेल जास्त झालंय, दिसतंय की. पहिला म्हणाला तुला इथून पेट्रोल दिसतं? दुसरा म्हणाला माझा मेव्हणा मोटरी दुरुस्त करतो. पहिला म्हणाला म्हणूनच तुमची होडी वर्षभर बंद होती. दोघांचं जुंपलं. आमच्याकडे दोरी तुटलीय हे सांगायला आम्हाला फटच मिळेना. भांडत भांडत ते गेले. जाताना कलिंगडाची साल मात्र आमच्याच बाजूला टाकली.

"का रे म्हणालास ठीक आहे?" मी विचारलं.

"भावोजी, उद्या अख्ख्या बंदरात झालं असतं की क्रेनवाल्याला ओढत आणला."

"आणि उद्या अख्ख्या रामल्यात होईल की मुलीचा बाप पळून गेला, ते चालेल?"

हे ऐकून तो पहिल्यांदा गंभीर झाला. भाची त्याची लाडकी होती, तेवढं मी नाकारत नाही.

मी मोटरचं वरचं झाकण काढलं. वर्कशॉपातली वर्षं अशा वेळी कामाला येतात असं मला नेहमी वाटत आलंय. आत वरच्या बाजूला, परातीसारखी एक डबी बसवलेली होती. तिच्यात दोरी गुंडाळलेली असते. ती डबी काढली की खाली जड चाक दिसतं, आणि चाकाच्या वरच्या गोलाला एक खाच असते. दोरीला गाठ मारायची, गाठ खाचेत अडकवायची, दोरी फिरवून गुंडाळायची आणि हिसडा द्यायचा. दोरी पूर्ण सुटून हातात येते आणि चाक फिरतं. आधीच्या काळात सगळ्या मोटरी अशाच सुरू व्हायच्या. हे सगळं मला माहीत होतं. कागदावर तर मी ते डोळे मिटून काढून दाखवलं असतं.

पण डबी तीन बोल्टांनी बसवली होती आणि आमच्याकडे पाना नव्हता. गंजलेली एक पक्कड होती, आणि मासे साफ करायची सुरी. पहिला बोल्ट सुटला. दुसरा रडत रडत सुटला. तिसऱ्याने जागचं हलायचं नाही असं ठरवलं होतं. मी पक्कड धरायची, मेव्हण्याने वल्ह्याच्या दांड्याने पकडीवर ठोकायचं, असं चाललं. त्याचा नेम पकडीवर कमी आणि माझ्या बोटांवर जास्त. क्रेनवर हा माणूस अख्खे कंटेनर नेमक्या जागी ठेवतो म्हणतात. मी आजपर्यंत ते पाहायला गेलेलो नाही.

ऊन कलू लागलं. टोपलीतल्या माशांचे डोळे धुरकट झाले. किनाऱ्यावर छत्र्या मिटत होत्या, लोक घरी चालले होते, आणि मला घरचं दृश्य दिसत होतं. टेबलावर पांढरा कपडा. काळ्या मनुका भिजवून बायकोने केलेलं शरबत, कारण आमच्यात किद्दुशला वाइनच्या जागी ते चालत आलंय आणि इथल्या शेजाऱ्यांच्या हसण्याला बायको भीक घालत नाही. मुलगी नव्या झग्यात खिडकीशी. आणि टेबलाच्या टोकाला एक रिकामी खुर्ची, जिच्याकडे रामल्याचे गृहस्थ बघतायत.

शेवटी तिसरा बोल्ट सुटला नाही, मोडला. आम्ही डबी उपटून बाजूला केली. खाली चाक होतं, चाकाला खाच होती. वर्कशॉपला मी मनातल्या मनात सलाम केला.

"आता दोरी," मी म्हणालो.

नांगराची दोरी मनगटाएवढी, खाचेत बसेना. गळाची तार बसली, पण ओढल्यावर तिने मेव्हण्याचा तळवा चिरला. त्याच्या पोहायच्या चड्डीची दोरी टीचभर. माझ्या चपलांना दोरीच नव्हती. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी माझ्या लेंग्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

"भावोजी, लांब आहे. सुती आहे. विणलेली आहे. गाठ पण आधीच मारलेली आहे!"

ती आयती गाठ बायकोने मारलेली, नाडी नेफ्यात आत ओढली जाऊ नये म्हणून. मी नाडी ओढून काढली. लेंगा एका हाताने धरला. दुसऱ्या हाताने मोटर सुरू करायची पाळी आली. अशा अवस्थेत माणसाने देवाचं नाव घ्यावं की घेऊ नये, हे मला ठरवता येईना.

गाठ खाचेत बसवली, वेटोळी दिली, हिसडा मारला. नाडी सुटली आणि मागे बसलेल्या मेव्हण्याच्या गालावर सप्पकन बसली. मोटर नुसती उसासली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा ओढली. पुन्हा गाल. चोक देऊन ओढली, चोक बंद करून ओढली. दर वेळी नाडी नव्याने गुंडाळायची. मेव्हणा जागा बदलून बसला तर नाडीही दिशा बदलून त्याच्याकडेच गेली. बऱ्याच वर्षांत माझं म्हणणं त्याच्यापर्यंत इतकं थेट पोचलं नव्हतं.

सूर्य पाण्याच्या जवळ आला होता. मेव्हण्याने विचारलं, "भावोजी, बुडला की मोटर सुरू करता येणार नाही ना?"

"नाही. शब्बाथला आग पेटवायची नसते, आणि हे आग पेटवण्यासारखंच आहे."

"पण जिवाला धोका असेल तर शब्बाथ मोडायला परवानगी असते. आपण सांगू, जिवाला धोका होता."

"कोणापासून?"

त्याने थोडा विचार केला. "ताईपासून."

मी पुढचा हिसडा मारला तो त्या ताईच्या चेहऱ्याच्या आठवणीने. नाडी हातातून निसटली, हवेत उंच गेली आणि समुद्रात पडली. आणि मोटर सुरू झाली. काय तो आवाज, काय तो धूर! झाकण नाही, डबी नाही, उघडं चाक कपाळाशी गरगरतंय. मी लेंगा घट्ट आवळून धरला, कारण सैल कापड त्या चाकात गेलं असतं तर लेंगा आणि मी असे दोघेही शब्बाथला मुकलो असतो.

फक्त एक गोष्ट राहिली होती. गिअर मी न्यूट्रलला घेतला नव्हता, आणि नांगर खालीच होता.

होडीने उडी घेतली. नांगराची दोरी ताणली गेली आणि होडी तिच्याभोवती गोल फिरायला लागली. एक फेरा, दुसरा फेरा. मधे नांगर, कडेने आम्ही. शब्बाथ दाराशी आलेला आणि शनिवार तेल्यांचे दोन वंशज समुद्रात घाण्याला जुंपल्यासारखे फिरतायत! किनाऱ्यावर उरलेली माणसं हात वर करून काहीतरी ओरडत होती. सल्लेच असणार.

"गिअर काढ!" मी ओरडलो.

"काढला की बंद पडेल!"

"मग दोरी काप!"

"नांगर नवीन आहे भावोजी!"

"काप म्हणतो ना!"

त्याने मासे साफ करायच्या सुरीने दोरी कापली. सुरी बोथट, त्यामुळे आणखी बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग एकदम दोरी तुटली आणि होडी सरळ किनाऱ्याकडे निघाली. वाळूवर टेकलो तेव्हा मी आधी मोटर बंद केली आणि मग मागे वळून पाहिलं. लाल सूर्य पाण्यात अर्धा गेला होता. मासे सांगायच्या लायकीचे उरले नव्हते, ते आम्ही तिथल्या मांजरांना दिले. त्यांनी वास घेतला आणि विचार करायला लागली.

घरापर्यंत चालत गेलो. बस नव्हत्या. रस्त्यात पांढरे शर्ट घातलेले लोक सिनेगॉगमधून परतत होते, आणि त्यांच्यामधून मी, एका हाताने लेंगा धरलेला, अंगाला पेट्रोलचा आणि माशांचा वास. मागून गालावर वळ उठलेला मेव्हणा. आमच्या इमारतीच्या दाराशी नेमके रामल्याचे गृहस्थ उभे. बाजूला त्यांचा मुलगा. तेही सिनेगॉगहून येत होते.

"शब्बाथ शालोम," मी म्हणालो.

"शब्बाथ शालोम. कुठे होतात?"

"समुद्रावर."

"मोटरच्या होडीत?"

"हो."

"मोटर बंद कधी केलीत?"

मेव्हणा पुढे झाला. "केव्हाच! सूर्य असा डोक्यावर होता!"

आता खोटं बोलावं तर ते माणसाने निदान बरं रचावं. सूर्य डोक्यावर असताना बंद केली तर इतका वेळ हे दोघे करत काय होते? मी म्हटलं, "अर्धा होता."

गृहस्थांनी डोळे बारीक केले. "वरचा अर्धा की खालचा अर्धा?"

माझ्या मुलीचा संसार या प्रश्नाच्या उत्तराला टांगलेला होता. मी वर्कशॉपातल्यासारखं डोळ्यांसमोर चित्र काढलं. रेघ ओढली, रेघेवर गोल. "खालचा बुडाला होता. वरचा दिसत होता."

"म्हणजे पूर्ण मावळला नव्हता."

"नव्हता."

त्यांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग गृहस्थ म्हणाले, "मग चालेल." मी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर लेंगा थोडा खाली आला. त्यांचं लक्ष तिकडे गेलं. मला सगळं सांगावं लागलं. दोरी, बोल्ट, नाडी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोक दिला होता का?"

कपाळावर मारायला माझा हात मोकळा नव्हता, दोन्ही आता लेंग्याला होते.

वर घरात मेणबत्त्या लागल्या होत्या. मुलीने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हिब्रूत एवढंच म्हणाली, "अब्बा, पाचपैकी एक तरी..." आणि तिला हसू आवरेना, कारण तिच्या शेजारी तो मुलगा आधीच हसत होता. आंघोळीला वेळ नव्हता, ऊन पाणीही नव्हतं. मी पँट चढवली, किद्दुश म्हटला, शरबत घेतलं आणि गप्प बसलो. समोर तळलेला कार्प आला. मी मान खाली घालून खाल्ला आणि चांगला लागला असं म्हणालो. बायकोने काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

बोलत होती ती मुलाची आई. बायको आणि त्या दुपारपासून दोघीच स्वयंपाकघरात, माझी वाट पाहत बसलेल्या. वाट पाहून पाहून त्यांची मैत्री झालेली. "भाऊ, तुम्ही निदान घरी तरी आलात," त्या मला म्हणाल्या. "आमचे हे एका शुक्रवारी गच्चीवर पाण्याचा बंब दुरुस्त करायला चढले. शिडी पडली खाली. हाक मारायची लाज वाटली म्हणून तिथेच बसून राहिले. मी समजले सिनेगॉगमध्ये आहेत, सिनेगॉगमधले समजले घरी आहेत."

"तो विषय आत्ता कशाला?" रामल्याचे गृहस्थ म्हणाले. ते कार्पातले काटे शोधत होते.

"मग उतरले कसे?" मेव्हण्याने विचारलं.

"पावसाने!" त्या म्हणाल्या. "भिजले तेव्हा ओरडले."

शनिवारी रात्री बस सुरू झाल्यावर आम्ही पाहुण्यांना थांब्यापर्यंत पोचवलं. बस निघाली. खिडकीतून मुलाच्या आईने माझ्या बायकोला हात केला, मला नाही. परतताना मी बायकोला हळूच विचारलं, "मग? जमलं का?"

"जमलं," ती म्हणाली. "तारीख धरायला पुन्हा येणार आहेत ते. तुम्ही घरात असता तर तुम्हीच बोलला असता, आणि आम्हा दोघींना तोंड उघडायला मिळालं नसतं. त्या दिवशीही सकाळीच होडीत जा."